दोन मिलिमीटरची माया

जाडी मोजायचा व्हर्नियर मी तिसऱ्यांदा लावला. आकडा तोच, आठ मिलिमीटर. ड्रॉइंगवर सहा होता. बाहेर ट्रक उभा, आणि चाळीसच्या चाळीस बोल्टची मान जाड निघालेली.

धाराशिवच्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. हे बोल्ट एका खासगी रॉकेट कंपनीचे. रॉकेट टप्प्याटप्प्यानं वर जातं. खालचा टप्पा इंधन जाळून रिकामा झाला की तो टाकून द्यायचा. मग वरचा टप्पा पेटतो आणि उपग्रहाला कक्षेत नेतो. हे दोन टप्पे अशा बोल्टनी एकमेकांना धरलेले असतात. ठरल्या क्षणी बोल्टात नंतर भरलेली थोडी स्फोटक दारू उडते आणि बोल्ट मानेत तुटतो. नाही तुटला, तर रिकाम्या टप्प्याचं ओझं गळ्यात घेऊन उपग्रहासकट सगळंच समुद्रात.

लेथ मशीनवर तेर गावचे विठ्ठलमामा होते. त्यांचा जन्म उसाच्या ट्रॉल्यांचे हूक बनवण्यात गेलेला. मी तणतणतच त्यांच्याकडं गेले.

"सहाची मान कुठं टिकती मॅडम? छापताना चुकलं आसंल. तुटलं तर आपलं नाव जाईल, म्हून दोन मिलिमीटर माया ठिवली."

शिंपी शिवणीत जास्तीचं कापड ठेवतो ती माया. माझं डोकंच फिरलं. "मामा, तुटायलाच बनवलंय ते."

मामा हातातल्या बोल्टकडं बघत राहिले. "मंग आमाला का न्हाय सांगितलं कुणी?"

खरंच सांगितलं नव्हतं. मॅनेजरनं गुप्ततेच्या नावाखाली ड्रॉइंग अर्धं कापून लेथवर दिलं होतं. बोल्ट इथं तुटला पाहिजे, ही ओळ कापलेल्या अर्ध्यात. आणि लेथवर दिलेल्या अर्ध्यावर माझी सही होती. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

मॅनेजरचं म्हणणं, जाड म्हणजे मजबूतच, सही करा आणि ट्रक सोडा. मी नाही म्हटलं. मग म्हणाला, रिपोर्टात ऑपरेटरची चूक लिहा, म्हाताऱ्याला घरी पाठवू.

"लिहिते," मी म्हटलं, "पण कापलेलं ड्रॉइंग सोबत जोडते. माझ्या सहीसकट."

त्यानं विषय सोडला. ट्रक रिकामा गेला. जास्तीची माया काढता येते, एवढंच नशीब. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मामांनी चाळीसही माना सहावर आणल्या. मी एकेक मोजली.

पुढं रॉकेट उडालं. वर्कशॉपच्या गेटवर अभिनंदनाचा फ्लेक्स लागला, त्यावर फोटो मॅनेजरचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उड्डाण आम्ही मोबाईलवर बघितलं होतं. खालचा टप्पा सुटून गेला तेव्हा मामा हळूच म्हणाले, "माज्या हातचं तुटलं आन् बरं वाटलं, आसं पयल्यांदाच झालं."

मॅनेजरशी मी अजूनही कामापुरतंच बोलते. अर्ध्या ड्रॉइंगवर सही करत नाही. आणि लेथवर जाणाऱ्या प्रत्येक ड्रॉइंगखाली पेननं मराठीत लिहिते, हा पार्ट कशासाठी आहे. त्याला अर्धं मिनिट लागतं.