थांबलेल्या हाताची रेषा

महाविद्यालयाच्या हजेरीपटावर तिचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव यथास्थित नोंदलेले होते. परंतु त्या नावाने तिला कोणी हाक मारल्याचे ऐकिवात नाही. घरी, गल्लीत आणि पुढे वर्गातही ती 'सुतळी'च राहिली. अंगाने काडी, आणि हाती येईल ते कशाला ना कशाला बांधून ठेवण्याची लहानपणापासूनची खोड. नाव वडिलांनी ठेवले आणि ते चिकटले. वस्तूंची रचना शिकवणाऱ्या महाविद्यालयात तिने चार वर्षे काढली. प्रस्तुत हकीकत त्यांतील अखेरच्या वर्षाची आहे.

वडिलांचे कोपऱ्यावर केशकर्तनालय होते. खुर्च्या दोन, कारागीर एकच. वस्तऱ्याने दाढी करावी तर त्यांनीच, असा त्यांचा लौकिक होता. निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सारा मोहल्ला 'मास्तर' म्हणे, ते त्या खुर्चीत मान टाकून खुशाल घोरत असत. गळ्यावर पाते असताना गिऱ्हाइकाला झोप लागावी, याहून मोठे प्रशस्तिपत्र वडिलांना नको होते.

महाविद्यालयात विद्यार्थ्यांना विषय म्हणून एखादाच शब्द देत. त्यावर काय करायचे, कशाचे करायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. 'ओझे' या शब्दावर सुतळीने कागदाचे दप्तर केले. त्यात फुंकर घातली की पट्टे खांद्याला काचत. 'प्रतीक्षा' या शब्दावर तिने असे बाक केले, की बसणारा ताठ बसला तरच ते डगमगायचे थांबे. दोन्ही वेळा वर्गाला शिकवणाऱ्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून एकच शेरा दिला, "हुशारी दिसते गं, माणूस दिसत नाही." अखेरचे काम बाद झाले तर वर्ष बाद होणार होते. आणि अखेरचा शब्द आला 'रेषा'.

"रेषा? बस्, एवढंच?" आई कणीक मळता मळता म्हणाली. "ही घे, पिठात बोट फिरवते. झालीस पास!"

"आई, चेष्टा नको. मला माणूस हवाय त्यात."

"मग तुझ्या बाबांना घे. दिवसभर हात चालतो त्यांचा. तोंड त्याहून जास्त."

आईने हे थट्टेत म्हटले, परंतु सुतळीच्या डोक्यात ते घट्ट बसले. दुसऱ्या दिवशी तिने वडिलांच्या मनगटाला कोळशाची बारीक कांडी बांधली, अशी की गिऱ्हाइकाच्या अंगावर पांघरलेल्या पांढऱ्या कापडाला ती टेकत राहावी.

"काय रे, लेकीने बेडी घातली वाटतं!" मास्तर खुर्चीत बसत म्हणाले.

"अभ्यास आहे तिचा, मास्तर. हलू नका, नाहीतर तुम्ही नापास व्हाल."

ती शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसून एकटक पाहत होती. मास्तरांना नेहमीप्रमाणे डुलकी लागली. वडिलांनी वस्तरा उचलला, गालापाशी आणून धरला, आणि तो धरलेला हात थरथरू लागला. बारीक, पण थांबेना अशी थरथर. मग पाते गालाला लागले आणि हात एकदम स्थिर झाला. वस्तरा लोण्यातून फिरावा तसा फिरला. पुन्हा उचलला, पुन्हा थरथर. मास्तर उठले तेव्हा कापडावर दोन तऱ्हेच्या रेषा होत्या: हात थांबला तेथे कंगव्याच्या दातांसारख्या, आणि त्यांच्यालगत, काम चालले होते तेथे, लांब आणि नितळ.

वडिलांनी कापड झटकले नाही. घडी घालून तिच्या हाती दिले. थरथर मुलीच्या ध्यानात आली नसावी, अशी त्यांची समजूत होती. बाबांना स्वतःला ती जाणवली नसावी, अशी तिची. एकमेकांना जपण्याच्या या खटाटोपात विचारायचे ते राहून गेले.

"बाबा, हे कापड प्रदर्शनात ठेवू?"

"ठेव की. दुसरं आहे दुकानात."

कापड ठेवू का, एवढेच तिने विचारले. हात दाखवू का, हे विचारले नाही.

परीक्षेच्या दिवशी कामे दालनात मांडली जात आणि घरच्यांनाही निमंत्रण असे. नियम एकच, आणि तो कडक: विद्यार्थ्याने कामाशेजारी उभे राहायचे, पण बोलायचे नाही. वस्तू बाजारात गेल्यावर खुलासा करायला तुम्ही तिच्यामागे उभे राहणार नाही, असे बाई सांगत. तोंड उघडले की काम बाद.

वडील इस्त्रीचा सदरा घालून आले. बरोबर मास्तर होते, सकाळीच गुळगुळीत दाढी करून घेतलेले. बाहेरगावचे परीक्षक साबणाचे डाग आणि दाढीचे खुंट अजून चिकटलेल्या त्या कापडापुढे वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"विलक्षण आहे," ते म्हणाले. "हा वस्तरा धरणारा हात आहे, आणि तो थरथरतोय. पाहा इथे. कारागीर संपत चाललाय आणि ते त्यानं कुणाला सांगितलेलं नाही. या माणसापुढे मी तर बुवा गळा ठेवणार नाही!"

मंडळी हसली. मास्तर हसले नाहीत. त्यांचा हात आपसूक स्वतःच्या गळ्याकडे गेला. त्यांनी तो लगेच खाली घेतला, पण वडिलांनी पाहिले होते.

सुतळीजवळ एकच वाक्य होते: पाते लागले की हात थरथरत नाही; शेजारची नितळ रेषा पाहा. तिने ओठ उघडले. समोरून बाईंनी, डोळ्यांत पाणी आणून, मायेने स्वतःच्या ओठांवर बोट ठेवले. सुतळीने ओठ मिटले.

ती वर्गात पहिली आली.

परीक्षकांचे बोलणे गल्लीत पोहोचले. पुढे जे झाले ते कोणी भांडून केले नाही. गिऱ्हाइके येत राहिली; फक्त दाढीचा विषय निघाला की कोणाला घाई असे, तर कोणाला पुरळ आलेले. दुसऱ्याकडे जाणे जिवावर आले म्हणून मास्तरांनी चक्क दाढी वाढवली. सुतळी त्यांच्या घरी जाऊन ते वाक्य बोलून आली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"खरं असेल गं पोरी. पण आता मला डोळा लागत नाही तिथे. तू सांगितलंस म्हणून झोप थोडीच येते?"

वडील डॉक्टरांकडे गेले, औषध सुरू झाले, थरथरही कमी झाली. वस्तरा त्यांनी तेल लावून कपाटात ठेवला. दुकान कात्रीवर चालते. त्याबद्दल ते एकदाच बोलले, तेही आरसा पुसताना, पाठमोरे.

"तू विचारलं असतंस, तर मी हो म्हणालो असतो."

"बाबा, मी…"

"हो म्हणालो असतो. पण विचारायचं होतंस."

तिला नोकरी लागली. ती घरी नियमित येते, आणि बापलेकीत बोलणे चालते ते औषधाचे, दुकानाचे, इकडचेतिकडचे. कापड महाविद्यालयाने आपल्या संग्रहात घेतले आणि जिन्यालगतच्या भिंतीवर लावले. त्याखाली त्या एका वाक्याची पाटी लावू द्यावी, असा अर्ज तिने दोनदा केला. उत्तम काम खुलाशावाचून उभे राहते, हे दोन्ही वेळा मिळालेले उत्तर. नवे विद्यार्थी तेथे थांबतात, थरथरत्या रेषेवर बोट ठेवून एकमेकांना दाखवतात आणि वर्गात जातात. कापडाखाली काहीही लिहिलेले नाही.