धक्क्यावर राहिलेल्या चपला

तळ्याच्या धक्क्यावर मावशींचं राज्य होतं आणि त्या राज्यात एकच कायदा होता. पाण्यावर जायचं तर चपला इथे काढून जायच्या. होडी फुकट, वल्हं फुकट, बेटावर दिवसभर लोळलात तरी कुणी विचारणार नाही. पण पायातलं मांडणीवर ठेवल्याशिवाय मावशी दोर सोडायच्या नाहीत. मोठमोठ्या बुटांची माणसं तोंड वाकडं करत. लोक पाठीमागे त्यांना ‘चप्पलवाल्या मावशी’ म्हणत, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

पूर्वी पितळी बिल्ले होते. जाताना घ्यायचा, आल्यावर परत द्यायचा. लोक ते खिशात टाकून खुशाल घरी जात आणि मावशी अंधार पडेपर्यंत जीव टांगणीला लावून पाण्याकडे बघत बसत. मग त्यांना ही युक्ती सुचली. माणूस छत्री विसरतो, चष्मा विसरतो, प्रसंगी बायकोही विसरतो, पण अनवाणी घरी जात नाही. संध्याकाळी मांडणी रिकामी झाली की सगळे सुखरूप आले असं समजायचं. लाइफ जॅकेटं मोजून उपयोग नव्हता, निम्मे लोक स्वतःची आणत. जॅकेटाशिवाय मात्र त्यांनी सख्ख्या नवऱ्यालाही सोडलं नसतं. नवरा गुडघेदुखीमुळे होडीत बसतच नसे, तेव्हा तो नियम त्याच्यावर वायाच गेला होता.

त्या बेटांवर मावशींचा फार जीव. दीड खोलीत सात भावंडं वाढलेली. वडील शिलाईच्या मशीनवर बसले की पोरांनी भिंतीला चिकटून बसायचं. सुट्टीच्या दिवशी वडील सगळ्यांना होडीत घालून बेटावर नेत आणि तिथे पाय पसरायला मिळत. पुढे काठावरच्या क्लबनं वाटेला फाटक ठोकलं, तेव्हा मावशींनी कचेरीत खेटे घालून घालून ते काढायला लावलं. क्लबला ते अजून सलत होतं. आता त्यांनी तक्रार केली होती की इथे येणाऱ्यांच्या जिवाची काही हमी नाही, धक्का बंद करा आणि बेटं फक्त सभासदांसाठी ठेवा. त्या तक्रारीची चौकशी करायला एक साहेब आले, ते नेमके रविवारी.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी दोर ओढून पाहिले, जॅकेटांचे पट्टे तपासले, मावशींच्या नवऱ्यानं आणलेला चहा घेतला. इथे आजवर काही घडलेलं नाही हे तुमच्या बाजूनं आहे, असं म्हणाले. मात्र एखादी जरी घटना घडली तर आपला इलाज चालणार नाही, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

उन्हं उतरली तसा वारा सुटला आणि सगळ्या होड्या एकदम परतल्या. धक्क्यावर कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही अशी गर्दी झाली. मुलं रडत होती, गाड्यांची दारं आपटत होती. मग हळूहळू सामसूम झाली. मावशींनी शेवटची होडी बांधली आणि मांडणीकडे वळल्या. खालच्या फळीवर एक जोडी होती.

होड्या तर सगळ्या जागेवर होत्या. गेला असेल कुणी गडबडीत तसाच, असं त्यांनी मनाला समजावलं. साहेब पाठमोरे उभे राहून मोबाईलवर बोलत होते. मावशींनी पायानंच ती जोडी बाकाखाली सरकवली. बाईनं जन्मभर जपलेला धक्का एका जोडीपायी जाणार होता, तिला एवढा मोह झाला तर तिला कोण नावं ठेवणार?

सरकवताना त्यांच्या बोटाला काहीतरी टोचलं. त्यांनी वाकून पाहिलं. डावा पट्टा तुटलेला होता आणि कुणीतरी तो बारीक तारेनं नीट शिवून घेतला होता. अशी चप्पल कुणी टाकून जात नाही. मावशींनी जोडी उचलली आणि साहेबांच्या समोर बाकावर ठेवली.

“साहेब, एक माणूस अजून तिकडेच आहे.”

“अहो, होड्या तर सगळ्या आल्यात.”

“होड्या आल्यात. माणूस आलेला नाही.”

त्यांनी घंटा वाजवली. धक्क्याच्या राखणदारानं मोटरबोट काढली. साहेबांनी न सांगता बूट काढून मांडणीवर ठेवले, जॅकेट चढवलं आणि ते मावशींबरोबर बोटीत बसले. पहिल्या बेटावर कुणी नव्हतं. दुसऱ्यावर झाडाला टेकून एक आजोबा बसले होते, जॅकेटचे पट्टे गळ्यापर्यंत आवळून. जेवणानंतर त्यांचा डोळा लागला होता. दोन मुलं, दोन होड्या, दोन गाड्या; याला वाटलं बाबा त्याच्याकडे आहेत, त्याला वाटलं याच्याकडे.

घाबरला नाहीत का, असं साहेबांनी विचारलं.

“घाबरलो की. पोहत यावं असंही मनात आलं. मग म्हटलं, चपला आहेत तिथे. ती बाई मांडणी रिकामी झाल्याशिवाय घरी जायची नाही.”

धक्क्यावर आल्यावर मावशींनी चपला आजोबांच्या पायांशी ठेवल्या आणि मग त्यांना राहवेना.

“मी त्या बाकाखाली ढकलल्या होत्या, आजोबा. साहेबांना दिसू नयेत म्हणून.”

“परत काढल्यात ना? मग झालं तर.”

साहेब बुटांच्या नाड्या बांधत हे ऐकत होते. घटना तर आपल्याला लिहावीच लागेल, ते म्हणाले, पण माणूस कशामुळे सापडला हेही लिहीन, आणि धक्का चालू ठेवा असंही लिहीन. मावशी मटकन बाकावर बसल्या आणि नवऱ्यानं उरलेला गार चहा त्यांच्या हातात दिला.

तेवढ्यात दोन गाड्या एकामागून एक येऊन थांबल्या. दोघं मुलगे उतरले ते एकमेकांवर ओरडतच, मी तर तुला विचारलं होतं, तूच म्हणालास. आजोबा खाली वाकून तारेनं शिवलेला पट्टा सारखा करत होते. मावशींची नजर सवयीनं मुलांच्या पायांकडे गेली. दोघांनीही आपापल्या चपला आठवणीनं घालून नेल्या होत्या.