नळ सोडणारे लेखककाका

राणीचं नाव निघालं की लेखककाका उठून स्वयंपाकघरातला नळ सोडायचे. लंडनमधल्या वेम्बलीच्या त्या घरात वरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच भाडेकरू. टीव्हीवर राणी दिसली आणि मी सहज म्हणालो, "टोपी काय घातलीय बघा," की हे उठलेच. पाणी धो धो. त्या आवाजाच्या आडून म्हणायचे, "हळू बोल रे. टोपीसुद्धा त्यांचीच असते."

काका मूळचे नागपूरचे, पासपोर्ट इथला. पूर्वेकडच्या एका देशात, जिथे अजून राजा आहे, इंग्रजी शिकवायला गेले होते. आपल्या पुस्तकात तिथल्या राजघराण्यावर चार ओळी लिहून बसले आणि तुरुंगात गेले. "पुस्तक ज्यांनी वाचलं, ते सगळे कोर्टात हजर होते," असं सांगायचे. हसायचे मात्र नाहीत. राजाची माफी मागून सुटले, इकडे आले, आणि लिहिणं सुटलं ते सुटलंच. बर्मिंगहॅमला बहीण डॉक्टर होती, पण तिच्याकडे राहायचा त्यांना संकोच वाटे.

मी सातवीत शाळा सोडलेला, ईलिंग रोडवर भाजीच्या दुकानात कामाला. व्हिसाच्या ऑफिसचं पाकीट आलं की मी ते न उघडताच काकांपुढे ठेवायचो. काका चष्मा पुसून पत्र शेवटपर्यंत वाचायचे. "तुझं पत्र मिळालं, एवढंच सांगणारं पत्र आहे हे. जेव आता." जेवण झालं की तेच पत्र मला ओळ ओळ वाचायला लावायचे. मला जे काही इंग्रजी वाचता येतं, ते त्या पाकिटांतून आलंय.

एकदा फुटपाथवर माझा पाय नाण्यावर पडला. आपल्या सवयीनं मी ते उचलून कपाळाला लावलं. काका पांढरेफटक.

"कुणी पाहिलं का?"

"अहो काका, लक्ष्मी आहे. नमस्कार केला."

त्यांनी नाणं हातात घेऊन राणीचा चेहरा निरखला. "बाईंना वाटेल, आपल्यालाच केला," म्हणाले, आणि मला आठवतंय, तेव्हा पहिल्यांदा हसले.

त्या हसण्यानं मला धीर आला. "परत लिहा ना, काका."

"वाक्य सुरू केलं की आधी त्यात राजा कुठे लपलाय ते शोधतो मी. काय लिहू?"

मग मी त्यांच्याकडून दुकानाच्या पाट्या लिहून घ्यायला लागलो. अक्षर सुरेख, पण नुसतं 'मेथी', नुसतं 'कारली'. 'ताजी' लिहायला तयार नाहीत. "नसली ताजी, तर उत्तर कोण देणार?" आमचे शेठ कपाळावर हात मारायचे, "अरे राइटरभाई, मेथी कोर्टात नाही जाणार!"

पुढे काकांचं हृदय थकलं. बहीण गाडी घेऊन न्यायला आली. निघताना माझ्या हातात त्यांनी एक पाटी दिली आणि गाडीत बसले. दुकानात जाऊन पाहिली. 'शेपू. नावं ठेवायला पूर्ण मुभा आहे.' खाली त्यांची पूर्ण सही.

शेठ म्हणाले, "काढ ती, गिऱ्हाईक पळेल." मी काढली नाही. शेपू मात्र त्या दिवशी दुपारीच संपली.

पुढच्या हिवाळ्यात बहिणीचा फोन आला. काका गेले. संध्याकाळी घरी टीव्हीवर राणी होती. शेजारच्या खोलीत नवा भाडेकरू अजून आलेला नव्हता. "टोपी काय घातलीय बघा," मी मोठ्यानं म्हणालो. मग स्वयंपाकघरात डोकावलो. नळ बंदच होता.