चाकं जमिनीला टेकल्याशिवाय

आयझॅकदादाला राग येत नाही. त्याच्या वाटचाही मलाच येतो. म्हणून हे मी लिहिते आहे. त्याच्यावर सोडलं असतं तर त्यानं त्या कागदावर सही केली असती आणि घरी येऊन चहा मागितला असता.

आयझॅक चेऊलकर, माझा थोरला भाऊ, वय बासष्ट. साउथहॅम्प्टनला ग्लेन नावाच्या माणसाच्या गॅरेजमध्ये तो एकवीस वर्षं काम करतो. माझे मिस्टर गेल्यापासून मी त्याच्याकडेच राहते. इकडे येण्याआधी तो रायगडात एसटीच्या वर्कशॉपमध्ये होता, आणि तिथे त्याचं काम एकच, पाटे. बसच्या मागच्या ॲक्सलला पोलादी पट्ट्या एकावर एक रचून कमान लावलेली असते, ते पाटे. घाटात भरलेली बस उचल घेताना ॲक्सल कसा पीळ खातो हे दादा नुसत्या आवाजावरून सांगायचा.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. गावात आम्हाला शनवार तेली म्हणत, कारण आमच्या पणज्यांचे तेलाचे घाणे शनिवारी बंद असत. दादाचा पानाही शनिवारी बंद. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत तो घरी येतो, मी दिवा लावते, आणि शनिवारची संध्याकाळ होईपर्यंत आम्ही फोनलाही हात लावत नाही. रविवारी तो एकटा गॅरेज उघडून काम भरून काढतो. पहिल्याच दिवशी त्यानं हे ग्लेनला सांगितलं होतं. ग्लेन म्हणाला, नो प्रॉब्लेम. एकवीस वर्षं नो प्रॉब्लेमच होता.

मग डॉक्टर अनयची गाडी आली. अनय हाडांचा डॉक्टर, जन्म इथलाच, आईवडील पुण्याचे. गाडी एकोणसत्तर सालची, अमेरिकन, बोटीएवढी लांब आणि पुढे राक्षसासारखं इंजिन. अशा गाड्यांना मसल कार म्हणतात. सुट्टीच्या दिवशी हे लोक त्या शर्यतीच्या सरळ धावपट्टीवर पळवतात, एका वेळी दोन गाड्या, पाव मैल. पण अनयची गाडी पळायचीच नाही. पाय दाबला की मागची चाकं बेडकासारखी जागच्या जागी उडायची, टायर जळायचे, आणि शेजारची गाडी निघून जायची.

"काका, मी मोठा टायर लावली, कडक स्प्रिंग लावली, तरी सेम," अनय म्हणाला.

ग्लेन म्हणाला, आणखी कडक लावू.

दादा गाडीखाली सरपटत गेला आणि तिथूनच म्हणाला, "सगळंच कडक केलंत तर चाक जमिनीला धरणार कशानं? इंजिनचा जोर आला की ॲक्सलचं पुढे आलेलं नाक वर उठतं, पाटा नागमोडी वाकतो आणि मग झटका देऊन सरळ होतो. तीच ती उडी. पाट्याचा पुढचा अर्धा भाग घट्ट बांधायचा, मागचा मोकळा सोडायचा. आणि नाकावर एक रबरी ठोकळा, म्हणजे ते उठणारच नाही."

आठवडाभर त्यानं तेच केलं. नवे पाटे, पुढच्या बाजूला पट्ट्या बांधणारे क्लॅम्प, रबरी ठोकळा, दोन्हीकडे पाट्याच्या पुढच्या टोकाच्या भोकात नवे रबरी बुश. शुक्रवारी दुपारी गाडी स्टँडवर होती, चाकं हवेत. ते बुश धरणारे दोन मोठे नट त्यानं नुसते बोटांनी फिरवून ठेवले. कारण हे नट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच आवळायचे असतात. हवेत आवळले तर रबर चुकीच्या जागी जखडतं, आणि गाडी खाली आली की पिळून बसतं. एसटीत हे पहिल्या महिन्यात शिकवतात. दादाची पद्धत अशी की आवळलेल्या प्रत्येक नटावर तो पिवळ्या रंगाची रेघ मारतो. रेघ नाही म्हणजे काम बाकी. स्टिअरिंगवर त्यानं मोठ्या इंग्रजी अक्षरांत चिठ्ठीही चिकटवली, की चालवू नका, नट बाकी आहेत, रविवारी सकाळी करतो. ग्लेननं ती वाचली आणि अंगठा दाखवला. अनयची शर्यतीची फेरी रविवारी दुपारी होती.

शनिवारी सकाळी फोन वाजायला लागला. कपाटावर ठेवला होता, तिथे थरथरत होता. मी मोजलं. नऊ वेळा. दादा पुस्तक वाचत होता, त्यानं मान वर केली नाही. मी उठले, कपाटापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. कुणाच्या जिवावर बेतलंय असं कळलं असतं तर उचलायला आमच्या धर्मातही मनाई नाही. पण वाजणारा फोन ते थोडंच सांगतो?

संध्याकाळी फोन हातात घेतला तेव्हा कळलं. रविवारी पावसाचा अंदाज होता म्हणून ग्लेन आणि अनयनं फेरी शनिवारीच उरकली. अनयनं पाय दाबला, गाडीनं मागून एका अंगाला झेप घेतली आणि कठड्याला घासली. हाडांच्या डॉक्टरचं मनगटाचं हाड मोडलं.

रविवारी ग्लेनचा मेसेज आला. सोमवारी एका कागदावर सही हवी, विम्यासाठी. मजकूर असा, की मी वैयक्तिक कारणासाठी काम अर्धवट टाकून निघून गेलो.

"जाऊ दे दिने," दादा म्हणाला. "पोराचा हात मोडलाय. सही केली तर काय बिघडतं?"

"काय बिघडतं? त्या कागदानंतर या शहरात तुला कोण गाडीखाली जाऊ देईल? लोक म्हणतील, हा तो, नट सैल ठेवून देवाचं नाव घेत बसणारा."

"ओरडू नकोस. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत!"

मी रागारागानं पातेलं घासत बसले आणि आमच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला, एलियाहू हन्नाबीला, मनात म्हटलं, माझ्या भावाच्या नावावरचा हा डाग पुस, मी मलिदा करीन. देवाशी असं चढ्या आवाजात बोलू नये. मी बोलले.

सोमवारी मी जिथे काम करते त्या शाळेच्या किचनला सुट्टी कळवली आणि दादाबरोबर गेले. गाडी आत उभी होती, मागचा उजवा कोपरा चेपलेला, डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं उंच. अनय हाताला प्लास्टर घालून स्टुलावर बसला होता. ग्लेननं कागद आणि पेन पुढे केलं.

दादानं पेन घेतलंसुद्धा. मी ते काढून घेतलं. "आधी नट सोडून दाखव," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पाना उचलला. उजवीकडचा नट सोडला. काही हललं नाही. मग तो डावीकडे गेला आणि पाना ओढला. कड् असा आवाज झाला, रबर झटक्यात फिरलं, आणि गाडीची ती बाजू धपकन खाली बसली.

"डावा हवेत आवळलाय," दादा हळूच म्हणाला. "गाडी खाली घेतल्यावर उजवा राहिल्याचं आठवलं, तो जमिनीवर आवळला. एक पाय जखडलेला, एक मोकळा. जोर आल्यावर ती सरळ कशी जाईल? रेघही नाही बघा. दोन्हींवर नाही."

ग्लेन म्हणाला, हे कुणी केलं ते आता कसं सांगणार.

मी अनयकडे वळले. मराठीतच विचारलं, "अनय, तू तिथे होतास ना? कुणी आवळला?"

तो म्हणाला, "मावशी, ग्लेन नटवाली एअर गन घेतली. इट्स जस्ट अ बोल्ट म्हणाला. मी पण म्हटला, कर. आम्ही खूप फोन केला, काका उचलली नाही."

"नऊ वेळा केलात. मी तिथे बसून मोजत होते. आणि चिठ्ठी? चिठ्ठीचं काय केलंत?"

"मी काढली. समोर दिसत नव्हता."

मग त्यानं स्वतःच ग्लेनला इंग्रजीत सगळं परत सांगितलं. ग्लेन लाल झाला आणि म्हणाला, बरं, जे झालं ते झालं, पुढे जाऊ या. म्हणजे काल दादाचं नाव लिहायला कागद होता, आज स्वतःचं लिहायला नाही.

"सही करणार नाही," दादा म्हणाला. एकवीस वर्षांत ग्लेनला त्यानं नाही म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. "आणि माझ्या हातची गाडी माझी रेघ पडल्याशिवाय दाराबाहेर जाणार नाही. नाहीतर आजच पाने घेऊन जातो."

ग्लेननं कागद फाडला. सॉरी म्हणाला नाही.

मी नवस फेडला. मलिद्याचे पोहे भिजवले, खोबरं आणि साखर घातली, फळं मांडली. अनयला बोलावलं, तो डाव्या हातानं खात बसला. मीच वाढलं, पण त्याच्याशी बोलले नाही.

पुढच्या रविवारी दादानं पाटे पुन्हा बसवले. मला टॉर्च धरायला नेलं. त्यानं गाडी खाली घेतली, मागून दोनदा दाबून हलवली, वजन चाकांवर नीट बसू दिलं, मग खाली शिरून एकेक नट आवळला आणि पिवळी रेघ मारली.

"सॉरी म्हणाला का तो?" मी विचारलं.

"दोन्ही बाजू एका उंचीवर आल्या."

"मी ग्लेनचं विचारतेय."

"दिने," खालून आवाज आला, "टॉर्च रागानं हलतोय. नीट धर, अजून एक रेघ राहिली आहे."