सायकलच्या ट्यूबचं ठिगळ

जुन्नरच्या पेठेत आमचं चपला-बुटांचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून मीच चालवते. पुढं विक्री, मागं पाटावर बसून दुरुस्ती. गिऱ्हाइकं म्हणतात, या भाभीची जीभ तिच्या आरीपेक्षा जास्त टोचते. टोचू दे. मला राग आला की मी तो पोटात ठेवत नाही, आणि ही गोष्ट सांगायची तर तो येणारच.

मला एकच पोरगी. नारायणगावजवळ वारूळवाडीला कॉलेजात जाते, अकरावीला. तिच्या मामूचा पुण्यात भंगाराचा धंदा आहे. त्यानं कुठूनतरी एक चाकांची फळी आणून दिली. स्केटबोर्ड म्हणतात त्याला. मला वाटलं, आठ दिवसांत अडगळीत जाईल. कसलं काय! कॉलेज सुटलं की ही नारायणगावच्या टोमॅटो बाजारात, सिमेंटच्या रिकाम्या ओट्यावर. हंगाम नसला की तिथं काळं कुत्रं फिरकत नाही. पडायची, ढोपरं फोडून घ्यायची, परत फळीवर चढायची. घरी आली की सुजलेल्या घोट्याला मी तेल चोळायची आणि तोंडानं शिव्या घालायची. दोन्ही एकाच वेळी जमतं मला.

त्या फळीचा वरचा भाग काचकागदासारखा खरखरीत असतो. उडी मारताना डावा पाय त्यावर घासतो आणि बूट करंगळीपाशी फाटतो. तिचे साधे कॅनव्हासचे बूट महिन्याभरात गेले. मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापला, सोल्यूशन लावून चिकटवला आणि कडेनं पिवळ्या दोऱ्याचे टाके घातले. काळं ठिगळ, पिवळे टाके. तिला ते इतकं आवडलं की म्हणाली, उजव्यालाही घाल. धडक्या बुटाला ठिगळ कोण लावतं? मी नाही लावलं.

मग मोबाईलमधून एक कंपनी आमच्या घरात शिरली. फळीवाल्यांसाठीच बूट काढते म्हणे. पोरीनं एक व्हिडिओ बघितला की पाठोपाठ दहा वेळा तेच बूट. 'शेवटचे काही जोड शिल्लक.' अरे, शेवटचाच जोड राहिलाय असं मीही गिऱ्हाइकाला सांगते! पण माझ्या पाठीमागचं कपाट त्याला दिसत असतं. तो हसतो, मीही हसते. यांचं कपाट कुणी बघितलंय?

वर ती गुळचट भाषा. 'तू आमच्यातलीच.' 'तुझा रस्ता आम्हाला दाखव.' रोज उडीचा व्हिडिओ टाका, कंपनीचं नाव जोडा, ज्याची उडी आवडेल त्याला आमच्या टीममध्ये घेऊ, त्याचं नाव आणि फोटो सगळीकडं झळकवू. पोरीला त्यांचे बूट नकोच होते. तिला एवढंच हवं होतं की ही उडी जुन्नरच्या अमक्या पोरीनं मारली, हे चार लोकांना दिसावं. तिच्या व्हिडिओखाली कंपनी कधीमधी आगीचं चित्र टाकायची. ते आलं की ही एक भाकरी जास्त खायची, नाही आलं की ताटावरून उठायची. सोळा वर्षांच्या पोरीची भूक त्या लोकांच्या हातात! माझ्या डोक्यात तिडीक जायची. पण तिच्या तोंडाकडं बघून मी पुढची भाकरी थापायला घ्यायची.

एक दिवस तिनं ओट्यावरून तीन क्रेट ओलांडून उडी मारली. मैत्रिणीनं काढलेला तो व्हिडिओ मी बघितला आणि खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले. कंपनीचा मेसेज आला, लई भारी, मूळ व्हिडिओ आम्हाला पाठव. तिनं लगेच पाठवला. आठवडाभर आमच्या घरात ईद होती.

आणि मग जाहिरात आली. ओटा तोच, क्रेट तेच, उडीही तीच. पण गुडघ्यांच्या वरची पोरगी कापून टाकलेली. पायांत कंपनीचे पांढरेशुभ्र कोरे बूट! माझं ठिगळ कॉम्प्युटरवर पुसून टाकलं होतं. डाव्या घोट्यावरचा काळा दोरा तेवढा राहिला होता. तो दर्ग्यात मी माझ्या हातानं बांधलेला. आणि नाव? नाव कंपनीचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

"लिव्ह त्यांना," मी ओरडले. "आत्ताच्या आत्ता लिव्ह." तिनं लिहिलं. उत्तर आलं, तुमच्या प्रेमाबद्दल धन्यवाद, पाठवलेला व्हिडिओ कंपनीचा होतो असं नियमांत म्हटलंय. कुठं म्हटलंय? सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत. मेल्यांनो, पोरांना बोलवायचं ढोल बडवून आणि नियम सांगायचे कानात कुजबुजून?  पोरीनं फळी पलंगाखाली सारली.

मी मात्र दुकानात येईल त्याला ऐकवत सुटले. या कंपनीचा शिक्का माझ्या दुकानात दिसणार नाही, असं पोरीसमोर शपथेवर सांगितलं. खरं तर त्याच शिक्क्याचे नकली बूट माझ्या वरच्या कप्प्यात पडून होते. होलसेलवाल्याकडून आधीच आलेले, परत पाठवू पाठवू म्हणत राहून गेलेले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. डोंगराकडच्या गावचा एक माणूस आपल्या पोरीला घेऊन आला. असेल माझ्या पोरीच्याच वयाची. भाताच्या खाचरात राबून टाचा उललेल्या.

"ते मोबाईलमधलं पांढरं बूट हायत का?" तिनं विचारलं.

"हायत की!" माझ्या तोंडून निघून गेलं. हात वर गेला, खोकं खाली आलं.

तिनं बूट उलटेपालटे केले. "पण हे तेच कशावरनं?"

"भाभी, फसवू नका बरं का," बाप म्हणाला. "लई हट्ट धरलाय पोरीनं."

आणि मी मोबाईल काढला. ती जाहिरात लावली आणि त्या पोरीच्या डोळ्यांसमोर धरली. "बघ. हाय का न्हाई तेच?" पोरगी खुलली. तिनं तिथंच बूट पायांत चढवले.

मी वळले तर दारात माझी पोरगी, माझा जेवणाचा डबा घेऊन. कधीपासून उभी होती कुणास ठाऊक. घरात आम्ही आमची दखनी बोलतो, पण फार राग आला की ती बाजारातल्या मराठीवर येते. तिनं डबा पाटावर ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "त्यांनी निदान माझा व्हिडिओ मागून तरी घेतला व्हता, अम्मी. तू तर इचारलंबी न्हाईस."

कंपनीला घातलेल्या सगळ्या शिव्या माझ्या तोंडात गोळा झाल्या. त्या कुणाला घालायच्या, ते मला कळलं होतं. समोरचा माणूस पोरीच्या जुन्या चपला हातात धरून पिशवी मागत होता. मी पिशवी दिली.