न पाहिलेल्या खांद्यांचा स्वेटर

त्या रविवारी द्वारका चौकाजवळच्या आमच्या घरी मला पाहायला दोन माणसं आली आणि मी धड पाहिले ते फक्त त्यांचे पाय. ऐंशी-एक्क्याऐंशीची गोष्ट. हातात पोह्यांचा ट्रे, मान खाली... आणि ओळखी करून दिल्या तेव्हा मी स्वयंपाकघरात होते.

आत जाताना एकदाच डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. खुर्चीत एक रुंद, भरदार माणूस, शेजारी एक काडीपैलवान. भरदार तोच नवरा मुलगा, हे मी मनाशी ठरवूनच टाकलं.

कारण मघाशी खर्जातल्या आवाजात एक प्रश्न आला होता... "लग्नानंतर शाळेतली नोकरी चालू ठेवाल ना? ठेवा." आधीच्या दोन स्थळांनी नोकरी सोडायची अट घातली होती. मी त्या एका 'ठेवा'वर होकार दिला. आणि एवढा जड आवाज त्या काडीचा कसा असेल?

चार दिवसांनी होणाऱ्या सासूबाईंचा निरोप आला. त्यांच्या घरात रीत होती, साखरपुड्याला मुलीने स्वतः विणलेला स्वेटर मुलाला घालायचा. मुलगा ओझरच्या कारखान्यात, पहाटेची बस, थंडी कडाक्याची... आणि साखरपुडा दहा दिवसांवर!

मला रुमालाची लेससुद्धा धड येत नव्हती. शेजारच्या शमीमभाभी क्रोशात तरबेज, त्यांच्याकडे धावले. त्यांनी दोन धाग्यांची जाड लोकर आणि जाडजूड सुई हातात ठेवली.

"गळ्यापासून सुरू कर बेटा. वरून खाली विणत यायचं. शिवायची कटकट नाय, आठ दिवसात स्वेटर रेडी." गळ्याची साखळी घालायची, तिच्यावर खांबाचे उभे टाके, चार कोपऱ्यांत टाके वाढवत खांदे रुंद करायचे... मला वाटलं, जमेल. मग त्यांनी विचारलं, "खांदे केवढे हाय मुलाचे?"

मी दोन्ही हात चांगले लांब पसरून दाखवले.

पाचव्या दिवशी खांदे पूर्ण झाले, बाह्या सुटल्या. धाकटी बहीण लता बघून खो खो हसत सुटली. "ताई, यात दोन भाऊजी मावतील! बारीक तर आहेत ते, मी नंतर विचारून घेतलं ना. जाडे ते मोठे भाऊ."

माझ्या हातातली सुईच थांबली. म्हणजे तो आवाज मोठ्या भावाचा? मग ज्याच्याशी लग्न करायचं तो एक शब्दही बोलला नव्हता? मी नक्की कोणाला होकार दिला होता?

तो प्रश्न कोणी विचारला ते लताला विचारलं, पण ती पडद्याआडून नुसती बघत होती, स्टोव्हच्या आवाजात तिला काही ऐकू आलं नव्हतं. वडिलांना, अण्णांना, विचारायची छाती नव्हती. जाऊन काय म्हणणार... मी मुलगा पाहिलाच नाही?

भाभी म्हणाल्या, "खालून कितीबी उसव बेटा, खांदा तर वरच राहणार. बदलायचा तर सगळा उसवावा लागेल." तेवढे दिवस नव्हते. मी तसंच विणत गेले. रोज वाटायचं आज नाही म्हणून टाकावं, आणि रोज चार ओळी पुढे जायच्या.

साखरपुड्याला मी स्वेटर घेऊन उभी राहिले. काडीपैलवान उठला. स्वेटर अंगात घातला तर खांदे पार कोपरापर्यंत! बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. मी मात्र सगळा धीर एकवटून 'थांबा' म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं...

"असू द्या," तो म्हणाला. "आत अजून दोन शर्ट बसतील. बसमध्ये फार गारठा असतो."

तोच आवाज. त्या एवढ्याशा छातीतून! मी ढसाढसा रडले आणि सगळ्यांना वाटलं, स्वेटर बिघडला म्हणून रडते आहे.

हे सगळं मी ह्यांना गेल्या आठवड्यात पहिल्यांदा सांगितलं. हे आधी खूप हसले. मग जरा ओशाळून म्हणाले, "खरं सांगू? तो प्रश्न दादाने मला आधीच पढवून ठेवला होता. माझी तर बोलायचीच हिंमत होत नव्हती."

घ्या! चाळीस वर्षांनी पुन्हा तोच घोळ... मी होकार दिला तरी कोणाला?

दिवसभर विचार करत बसले. मग आठवलं, मी त्याच शाळेतून पूर्ण नोकरी करून रिटायर झाले. त्या सगळ्या वर्षांत, पहिली शिफ्ट असली तरी, माझा डबा भरून ठेवल्याशिवाय हे ओझरच्या बसला गेले नाहीत. आणि ते काही दादांनी पढवलं नव्हतं.