शिंपल्यांची टाकी

आमच्या मोठ्या भावोजींइतका पाण्यावर संशय घेणारा माणूस अख्ख्या अष्टागरात सापडायचा नाही. हे माझे थोरले दीर. उभी हयात खोपोलीकडच्या एका कागदाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळण्यात गेली. वाईट पाणी पाजलं की बॉयलर आतून थर धरतो आणि एक दिवस दगा देतो, हा धसका त्यांनी इतका घेतला की निवृत्त होऊन चौलच्या वाडीत राहायला आले तेव्हा घरातली आम्ही बाकीची माणसंही त्यांना लहानमोठे बॉयलरच वाटायला लागलो. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी पाणी तपासायचं एक पांढरं यंत्र, आणि पाकिटात नोटांच्या मागे आंबटपणा बघायच्या कागदी पट्ट्या. कुणाकडे गेलं आणि पाण्याचा तांब्या पुढे आला की लोक पाणी पितात, भावोजी यंत्र बुडवतात. नात्यातल्या एका मुलीसाठी रेवदंड्याला मुलाचं घर बघायला गेलो होतो, तिथे यांनी सगळ्यांदेखत पेल्यात यंत्र घातलं आणि म्हणतात कसे, "घर छान आहे हो, पण पाणी जड आहे. पोरीच्या केसांचं काय?" मी पदरात तोंड लपवलं. ते लग्न पुढे झालं, पण त्यात भावोजींचा काडीचा हातभार नाही! सत्यनारायणाचं तीर्थ हातावर पडलं तरी आधी प्रश्न, "गुरुजी, कुठल्या विहिरीचं?"

आणि गंमत अशी की सगळ्यात खोडसाळ पाणी आमच्याच विहिरीचं. आंबटही आणि जडही. आंबट म्हणजे जिभेला कळण्याइतकं नव्हे, पण न्हाणीघरात नळाखालच्या फरशीवर हिरवानिळा ओघळ उमटायचा आणि तांब्याचा बंब आतून झिजत चालला होता. जड म्हणजे पातेल्याच्या बुडाला पांढरा थर, साबण फिरवून हात दुखले तरी फेसाचं नाव नाही, आणि तुरीची डाळ सात शिट्ट्यांनंतरही आपली दाणा न् दाणा वेगळा. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून हीच डाळ घोटत आले. आम्हाला सवय झाली होती. भावोजी नुसते बडबडायचे, करायचे काही नाहीत, तोवर सगळं ठीक होतं.

मग दिवाळीत त्यांची एकुलती एक लेक, स्वाती, पुण्याहून आली. पहिलटकरीण. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात विचारायचं काही नसतंच. भाऊबीजेच्या दिवशी जेवताना भावोजींनी विषय काढला, "मग संक्रांतीनंतर येतेस ना गं?" पोरगी ताटात बघत म्हणाली, "बाबा, इथलं पाणी किती जड आहे. बाळाला कसं चालेल? तिकडेच बरं पडेल." खरं कारण मला आणि जाऊबाईंना, म्हणजे तिच्या आईला, आदल्याच दिवशी तिनं स्वयंपाकघरात सांगितलं होतं. तिचं बीपी वाढत होतं, डॉक्टरांनी मोठ्या हॉस्पिटलच्या जवळपासच राहा म्हणून बजावलं होतं. "बाबांना नका सांगू, काकी. काळजीनं झोपायचे नाहीत," असं म्हणून तिनं माझा हात धरला होता. आम्ही दोघी भात वाढत राहिलो. भावोजी उठले, हात धुतले, आणि त्या ओल्या हातांकडे बघत मोरीशी उभेच राहिले.

त्या दिवसापासून या माणसाचं बूड जमिनीला लागलं नाही. झोपाळ्यावर बसायचे, एक झोका पुरा व्हायच्या आत उठून विहिरीवर. जेवता जेवता उठून विहिरीवर. फोनवर कुठल्या कुठल्या भाषांतले व्हिडिओ. शेवटी निष्कर्ष निघाला की आंबट पाणी चुनखडीवरून सोडलं की त्याचा आंबटपणा मरतो. त्याचे तयार खडे बाजारात मिळतात म्हणे. पण भावोजी कसले ऐकतात! "समुद्र दारात असताना चुनखडी विकत आणायची? आपल्या आजोबांनी शिंपल्या भाजून त्या चुन्यावर हे घर उभं केलं. मी त्याच शिंपल्यांवर पाणी सुधारतो." झालं. मासे घेऊन येणाऱ्या कोळणीला त्यांनी वाटेतच गाठलं. ती पाटी उतरवून बघतच राहिली. "लोकां म्हावरा मागतान, दादा, तू शिंपल्या मागतस! बरा हायस नं?" पण आणल्या तिनं. शेजारपाजारच्यांनीही तिसऱ्या खाऊन पिशव्या भरभरून शिंपल्या आमच्या ओटीवर आणून ठेवल्या. त्या खरं तर महिनाभर उन्हात टाकायच्या. यांना कुठला धीर? तीन पाण्यांतून खंगाळल्या, निळ्या पिंपात भरल्या आणि पंपाचा पाइप पिंपातून फिरवून वरच्या टाकीला जोडून मोकळे.

नळ सुरू झाला तो नेमका मार्गशीर्षातल्या गुरुवारी. घरात महिनाभर मासळी बंद, जाऊबाई सोवळ्यानं घट मांडायला बसलेल्या, आणि कलशात पाणी ओतल्याबरोबर घरभर तिसऱ्यांचा दरवळ! नुसता कलशालाच नाही, आमच्या अंगाला, धुतलेल्या कपड्यांना, चहालासुद्धा. "अहो, लक्ष्मी दारापर्यंत आली आणि नाक धरून परत गेली!" जाऊबाई कडाडल्या. भावोजी कागदी पट्टी नाचवत न्हाणीघरातून बाहेर, "अगं पण आंबटपणा गेला, बघ तरी!" मग त्यांनी जडपणा मोजायचे थेंब टाकले आणि चेहराच उतरला. शिंपल्या विरघळून पाणी पहिल्यापेक्षा जड झालं होतं. मला हसू आवरेना, आणि हसता हसता स्वातीनं धरलेला हात आठवला. सांगून टाकावं का यांना? दर वेळी जीभ टाळ्याला लागायची आणि परत फिरायची.

पण हार मानतील तर ते भावोजी कसले. शिंपल्या पुन्हा धुतल्या, वाळवल्या, त्या पिंपाच्या पुढे पिवळ्या मण्यांची दुसरी टाकी आली. हे मणी पाण्यातला जडपणा धरून ठेवतात आणि त्यांना मधूनमधून मिठाच्या पाण्यानं धुवावं लागतं. पहिल्या खेपेला यांनी मिठागरातलं चिखलासकट मीठ घातलं, टाकी तुंबली, चार दिवस आम्ही शेजारच्या विहिरीवरून पाणी शेंदलं. माझ्या नवऱ्यानं तर टाकी उचलून खाडीत टाकायची धमकी दिली. पण संक्रांतीच्या सुमाराला एका सकाळी कुकरच्या तीनच शिट्ट्या झाल्या, झाकण काढलं तर डाळ लोण्यासारखी! मी ओरडलेच. जाऊबाई आंघोळीला गेल्या त्या बाहेरच येईनात. "अहो, साबण निघत नाही अंगावरचा!" दाराबाहेर भावोजी हसताहेत, "साबण केव्हाच निघाला! ते पाणीच मऊ आहे!" पुढचे आठ दिवस न्हाणीघरातून जो बाहेर येईल त्याला एकच प्रश्न, "साबण निघाला का?"

डाळ शिजली त्याच संध्याकाळी त्यांनी पुण्याला फोन लावला. "स्वाती, पाणी झालं गं." पलीकडे पोरगी रडायलाच लागली. मग तिनं सगळं सांगितलं, बीपी, डॉक्टर, सगळं. भावोजी "बरं, बरं" म्हणत राहिले. "तू जप. मी कळवतो आईला," म्हणाले, जसं काही आईला ठाऊकच नव्हतं. फोन ठेवून विहिरीकडे गेले. मी मागोमाग गेले. म्हटलं, "भावोजी, चुकलं आमचं. आम्हाला दिवाळीपासून माहीत होतं."

"मलाही," ते म्हणाले.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"अगं, भाऊबीजेला जेवून उठताना तिच्या पायांची सूज मला दिसली नाही होय? दाब कधी वाढतो ते ओळखण्यात जन्म गेला माझा." पिंपावरचा एक सुटा शिंपला त्यांनी उचलून आत टाकला. "हॉस्पिटल का मला वाडीत आणता येतंय? पाणी तेवढं माझ्या हातातलं होतं. नुसतं बसवलं नसतं गं मला."

बाळ-बाळंतीण पुण्यात सुखरूप. वैशाखात स्वाती आठ दिवस लेकीला घेऊन आली. पहिल्या आंघोळीच्या वेळी पाणी कितीदा तपासलं याचा हिशेब नाही. जाऊबाई बाळाला पायांवर घेऊन बसल्या, आणि भावोजी दाराबाहेर पंचा हातात घेऊन उभे. त्या दिवशी मात्र साबणाचं विचारलं नाही. आतून नातीचं ओरडणं ऐकत राहिले, डोळे पुसत राहिले. आता दोघी परत गेल्यात. पुन्हा कधी यायला जमेल, स्वातीलाही सांगता येत नाही. भावोजी दर गुरुवारी टाकीत मीठ घालतात आणि रोज सकाळी पट्टी बुडवून बघतात. काल मी विचारलं, "आता कशाला रोज रोज?" तर म्हणाले, "अगं, अचानक आल्या तर?"